आतून बाहेर: सुटून येणाऱ्या माणसाला घरात कसं घ्यावं

माझा मोठा भाऊ सात वर्षांनी तुरुंगातून सुटून आला. पहिल्या रात्री त्याने पाच मिनिटांत जेवण उरकलं, ताट स्वतः घासलं, कोरडं पुसलं आणि उशाशी ठेवून झोपला. आईने ताट घ्यायला हात पुढे केला होता, पण त्याने दिलं नाही. आत ज्याचं ताट त्यानेच जपायचं असतं. सात वर्षांची सवय आमच्या आग्रहाने एका रात्रीत कशी सुटणार? ते ताट फडताळात जायला अडीच महिने लागले.

त्या अडीच महिन्यांत आम्ही बरंच चुकलो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्ही त्याला ‘सांभाळायला’ निघालो. सात वर्षं त्याचं सगळं दुसरंच कोणीतरी ठरवत होतं: उठायचं कधी, अंघोळ कधी, गिनतीला उभं कुठे राहायचं. बाहेर आल्यावर तेच काम आम्ही प्रेमाने करू लागलो. त्याचे कपडे मी आणले, फोन माझ्या नवऱ्याने निवडला, त्याने कोणाला भेटायचं ते आईने ठरवलं. पुढे अशाच काही घरांशी ओळख झाली, तिथेही हाच घोळ दिसला. म्हणून इथे लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की त्याचे निर्णय एकेक करून त्याच्या हातात परत कसे द्यायचे, आणि तोवर छप्पर, औषधं आणि कागदपत्रं यांची पडझड कशी होऊ द्यायची नाही.

मी ‘तो’ लिहिते आहे, कारण आमच्याकडे भाऊ होता. सुटून येणारी बाई असेल तर एक गोष्ट आत्ताच सांगते. पुरुषाला ‘दमलाय बिचारा’ म्हणून निदान आठवडाभर सूट मिळते; बाईच्या हातात पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलं येतात. तिलाही तो आठवडा द्या.

सुटकेआधीचे दोन-तीन महिने

तो येण्याआधी घरातल्यांनी एकदा त्याच्याशिवाय बसून बोलावं. तो इथेच राहणार का? कुठल्या खोलीत? किती दिवस? कोणाला भीती वाटते, कोणाला अजून राग आहे? जो ‘नको’ म्हणतोय त्याला गप्प बसवू नका. तेव्हा दाबलेला नकार नंतर रोजच्या टोमण्यांतून बाहेर पडतो, आणि ते सुटून आलेल्या माणसाला स्पष्ट नकारापेक्षा जड जातं. घरी ठेवणं जमणार नसेल तर आधी सांगा. दुसरी सोय शोधायला त्याला वेळ मिळेल. आपल्या छपराखाली नसलेल्या माणसालाही आधार देता येतो.

गुन्हा घरातल्याच कोणाविरुद्ध झाला असेल, म्हणजे मारहाण असेल किंवा मुलांवरचा अत्याचार असेल, तर गोष्टच वेगळी. ज्याला इजा झाली त्याची सुरक्षितता आधी. सुटणाऱ्याची राहायची सोय दुसरीकडे करायची. भेट व्हायची तर कायद्याने मुभा असेल तेवढीच, आणि तीही इजा झालेल्या माणसाची स्वतःची इच्छा असेल तर. ‘झालं गेलं विसरा’ म्हणण्याचा अधिकार आईवडिलांनाही नाही.

मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, जाणं शक्य असेल तर शेवटच्या महिन्यांत एकही चुकवू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या सोळा हजारांहून जास्त कैद्यांचा माग काढला. २०११ मधल्या त्या अहवालात, ज्यांना भेटायला कोणीतरी येत होतं त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याची जोखीम १३ टक्क्यांनी कमी दिसली. भेटी जितक्या वारंवार आणि सुटकेच्या जितक्या जवळ, तितका फायदा अधिक. आमच्या मुलाखती मात्र ‘बरा आहेस ना, जेवतोस ना’ यातच संपायच्या. शेवटच्या दोन भेटींना मी प्रश्न लिहून नेले. कपड्याचं आणि चपलेचं माप काय? औषधं कुठली चालू आहेत? कोणाची उसनवारी आहे का? बाहेर आल्यावर कोणाला भेटायचंच नाहीये? शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला, मग तीन नावं सांगितली. त्यातलं एक आमच्याच नात्यातलं होतं.

कागदांचं काम याच काळात करायचं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम नव्याने मंजूर केले. २७ वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेला यांचं नाव त्यांना दिलं आहे. त्यातला १०८ वा नियम सांगतो की सुटणाऱ्याला ओळखपत्रं आणि लागणारे कागद मिळावेत, राहायला जागा आणि काम असावं, ऋतुमानाप्रमाणे कपडे असावेत, मुक्कामी पोचून सुरुवातीचे दिवस निघतील एवढं साधन हाताशी असावं. प्रत्येक ठिकाणी हे पाळलं जातं असं नाही, पण अर्जात हा नियम लिहिला की मागणं भीक मागितल्यासारखं राहत नाही. आम्ही एक निळी फाईल केली आणि तिच्यात हे जमवलं:

सुटकेचा दाखला आणि सुटकेच्या अटींची प्रत. ओळखपत्र, किंवा ते हरवलं असेल तर नव्याने काढायच्या अर्जाची पोच. आतल्या दवाखान्याची कागदपत्रं आणि चालू औषधांची यादी. आत शिकलेल्या कामाची किंवा परीक्षेची प्रमाणपत्रं. आतल्या मजुरीच्या शिल्लक पैशांचा हिशोब. आत जाताना जमा केलेल्या वस्तूंची पावती.

दवाखान्याच्या कागदांसाठी मागे लागावं लागतं. त्याच नियमावलीत २६ वा नियम आहे; कैद्याला स्वतःची वैद्यकीय फाईल मागून पाहता यावी असं तो म्हणतो.

दाराशी

घ्यायला एक, फार तर दोन माणसं जावीत. आम्ही सातजण गेलो, आणि दादा कोणाकडे बघायचं ते न कळून जमिनीकडे बघत राहिला. कपडे सोबत न्या, पण थोडे सैल. अंगमाप बदललेलं असतं. गाडीत मळमळेल याची तयारी ठेवा. वर्षानुवर्षं वेगात न बसलेल्या माणसाला धावती गाडी सहन होत नाही. वाटेत ‘आता पुढे काय ठरवलंयस?’ हा प्रश्न विचारू नका.

घरी पाहुणे बोलवू नका. सत्कार नको, शपथा नकोत. त्या दिवशी त्याला हवं असतं ते आतून कडी लागणारं न्हाणीघर आणि वाटेल तेव्हा मालवता येणारा दिवा.

पहिले पंधरा दिवस

या भागावर मी जास्त थांबणार आहे, कारण माणसं दगावतात ती इथे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूची जोखीम त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होती, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याची १२९ पट.

कारण साधं आहे. आत नशा मिळाली नाही किंवा कमी मिळाली की शरीराची सहनशक्ती उतरते. माणसाच्या आठवणीत मात्र जुनीच मात्रा असते. पूर्वी जेवढं घेऊन तो चालत घरी यायचा, तेवढ्याच मात्रेने आता श्वास थांबतो. तुमच्या माणसाला पूर्वी अफूवर्गातल्या अमली पदार्थांचं व्यसन असेल, म्हणजे हेरॉइन, किंवा त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, तर हे त्याला तोंडावर सांगा. ‘तू घेशील असं आम्हाला वाटत नाही, पण घेतलंस तर पूर्वीची मात्रा तुला मारेल’ हे वाक्य उच्चारायला अवघड आहे, तरी उच्चारा. नॅलोक्सोन नावाचं औषध अशा अतिमात्रेवर उतारा म्हणून चालतं. जिथे मिळतं तिथे घरात आणून ठेवा आणि वापरायला शिकून घ्या. माणूस हलवूनही उठत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ही लक्षणं. आधी रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. नॅलोक्सोनने शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण औषधाचा असर उतरला की श्वास पुन्हा मंदावू शकतो.

चालू औषधं तुटू देऊ नका. क्षयाची औषधं मध्येच सोडली तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मनाच्या आजाराच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झोप उडते, चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आला तसाच आला.’ आतून मिळालेल्या गोळ्या किती दिवस पुरतील ते पहिल्याच संध्याकाळी मोजा आणि त्या संपायच्या आत डॉक्टरची वेळ घ्या.

आणखी एक. ‘माझ्यामुळे तुम्हाला ताप’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं तो बोलू लागला, हातातल्या वस्तू वाटू लागला, तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोवर त्याच्याजवळ कोणीतरी बसा.

अंगात मुरलेला तुरुंग

डोनाल्ड क्लेमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्ये यासाठी ‘प्रिझनायझेशन’ असा शब्द वापरला: तुरुंगाची रीत माणसाच्या अंगात मुरणं. आत ती रीतच त्याला तगवते. बाहेर तीच विचित्र दिसते. दादा पहाटे पाचला चादरीची घडी करून पलंगाच्या काठावर बसायचा. भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवायचा नाही. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला की ताडकन वळायचा. माझ्या भाच्याने एकदा खेळता खेळता मागून मिठी मारली आणि दादाच्या कोपराने त्याचा ओठ फुटला. मुलापेक्षा बापच जास्त घाबरला, नंतर तासभर खोलीबाहेर आला नाही. तेव्हापासून घरात एक नियम झाला: मागून यायचं असेल तर आधी हाक मारायची.

निर्णयाचं तर विचारू नका. त्याला दात घासायचा ब्रश आणायला दुकानात पाठवलं, तो अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने आला. ‘कुठला घ्यायचा ते कळेना, तूच आण.’ मी आणून दिला. चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याला पुन्हा पाठवलं, एवढंच सांगून, की ‘दोन बघा, त्यातला एक घ्या.’ तो घेऊन आला. वहिनीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पुढे आम्ही तिचीच रीत धरली: आधी दोनांतून एक, मग चारांतून, मग आठवड्याची पूर्ण खरेदी, मग दवाखान्याची वेळ त्याने स्वतः फोन करून घ्यायची. वेळ लागतो. तुम्ही मिनिटात कराल त्या कामाला तो तास घेईल. तो तास घेऊ द्या.

आत काय काय झालं ते उकरून काढू नका. तो सांगेल तेव्हा ऐका, मध्ये ‘अरे देवा’ करू नका. कधीच सांगितलं नाही तरी चालेल. पण रात्री ओरडत उठणं, सतत दचकणं, घराबाहेर पडायलाच नकार हे महिनाभर ओसरलं नाही तर मनाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

बदल इकडेही झालेला असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. वहिनी सात वर्षं एकटीने घर चालवत होती. पैसे, शाळा, भाडं, सगळ्याच्या चाव्या तिच्याकडे. तो आल्यावर नातेवाईक तिला म्हणाले, ‘आता सुटलीस, आता त्याच्यावर सोड.’ तिने सोडलं नाही, आणि बरोबर केलं. नवरा-बायकोने एक-एक काम वाटून घ्यावं. सगळा कारभार एका दिवसात फिरवायला गेलं की दोघांनाही अपमान वाटतो.

मुलं

भाच्याला आम्ही ‘बाबा कामाला दूर गेलेत’ असं सांगत आलो होतो. नवव्या वर्षी त्याला शाळेतल्या मुलाकडून खरं कळलं. तो बापावर नाही, आमच्यावर रागावला, आणि अजून आमच्या शब्दाची खातरजमा करून बघतो. लहान मुलालाही खरं सांगता येतं: ‘बाबांनी मोठी चूक केली, कायद्याने त्यांना शिक्षा झाली, आता ती पूर्ण झाली. यात तुझा काहीच दोष नाही.’ शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगायला लागतं.

बापाने आल्याआल्या अभ्यास घ्यायला, रागवायला बसू नये. आधी शाळेत सोडणं, सायकल दुरुस्त करणं, शेजारी बसून खेळ बघणं. मूल जवळ येत नसेल तर ढकलू नका. आणि बापावर पाळत ठेवायचं काम मुलाला कधीही देऊ नका. ‘बाबा आज कुठे गेले होते रे?’ हा प्रश्न सुद्धा नको.

अटी आणि तारखा

मुदतीआधी किंवा देखरेखीवर सुटलेल्या माणसावर अटी असतात: हजेरी, राहण्याचा पत्ता, रात्री घरी असण्याची वेळ, ठरावीक माणसांना न भेटणं. या अटी वकिलाकडून किंवा देखरेख अधिकाऱ्याकडून एकदा शब्दन् शब्द समजावून घ्या. लोक नवा गुन्हा न करताही परत आत जातात, फक्त हजेरी चुकल्यामुळे किंवा पत्ता बदलल्याचं न कळवल्यामुळे. तारखा घरातल्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहू द्या. आजारपणामुळे जमणार नसेल तर वेळेआधी कळवा, कोणाशी बोललो त्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा, डॉक्टरची चिठ्ठी फायलीत लावा. त्याच्यासाठी अधिकाऱ्याशी खोटं बोलू नका. एकदा पकडलं गेलं की तुमच्या खऱ्या शब्दालाही किंमत उरत नाही.

काम

इथे कटू वाटेल ते आधी सांगते. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवले. काहींनी तुरुंगवास झाल्याचं सांगायचं, काहींनी नाही. २००३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, गोऱ्या उमेदवारांपैकी तुरुंगवास नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं आणि असलेल्यांना १७ टक्के. काळ्या उमेदवारांत हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे नकार ढीगभर येणार, आणि त्यातले पुष्कळ नकार त्याच्या कसबावरचे नसणार. हे आधीच माहीत असलं की दहाव्या नकाराला तो अंथरूण धरत नाही.

विचारलं तर खरं सांगायचं, तीन वाक्यांत. आम्ही संध्याकाळी सराव करायचो. मी मालक व्हायची, तो उमेदवार. पहिल्या दिवशी तो हात मागे बांधून उभाच राहिला, खुर्ची पुढे केली तरी बसेना, प्रत्येक वाक्याला ‘साहेब’. मी म्हटलं, ‘अरे दादा, बस ना.’ तर म्हणाला, ‘सांगितलंस ना, आता बसतो.’ दोघेही हसलो, पण मला रडू येत होतं. तिसऱ्या आठवड्यात तीन वाक्यं जमली: ‘माझ्या हातून गुन्हा झाला आणि मी शिक्षा पूर्ण केली. आत सुतारकाम शिकलो, हे प्रमाणपत्र. मला आठ दिवस कामावर घेऊन बघा.’ तिसरं वाक्य महत्त्वाचं, कारण त्याने मालकाची जोखीम लहान होते.

नातेवाइकाच्या उपकाराची नोकरी मिळत असेल तर ती घ्यावी की नाही, यावर माझं मत वेगळं आहे. घ्यावी, पण मुदत ठरवून. नाहीतर प्रत्येक लग्नाकार्यात ते उपकार मोजले जातात.

पैसा

हातात एकदम मोठी रक्कम देऊ नका आणि दर वेळी हात पसरायलाही लावू नका. आठवड्याला ठरलेली रक्कम द्या, हिशोब मागू नका. त्याच्यासाठी जामीनदार म्हणून सही करायची वेळ आली तर, बुडाले तर सोसतील एवढ्याच पैशांची करा.

एका भांडणात मी म्हणाले, ‘तुझ्या वकिलापायी आईचे दागिने गेले.’ खरंच होतं ते. तो चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी मिळेल ते काम घेऊन आला, रात्रपाळीचं, अटीत न बसणारं. ते सोडवताना नाकी नऊ आले. वकिलाची फी, भेटींचा खर्च, लोकांत झालेली नाचक्की यांबद्दल बोलायचंच असेल तर एकदा शांतपणे, बसून बोला. भांडणात ते दगड उचलू नका.

घसरला तर

जुन्या मित्राचा एक फोन, एक दिवस दारू, एक चुकलेली हजेरी. या घसरणी आहेत आणि त्या येतात. घसरला की त्याच दिवशी विचारा, चौघांत नाही, एकट्याला. पण घरात कोणावर हात उगारला, धमकी दिली, चोरीचा माल आणला, तर काय होईल ते तो घरी येण्याआधीच सांगून ठेवलेलं असावं आणि तसंच व्हावं. मारहाण झाली तर आधी घराबाहेर पडा, मदत बोलवा, लाज नंतर.

आणि तुम्ही? मी दीड वर्ष कोणाशीच यावर बोलले नाही. मग अशाच घरातल्या एका बाईशी बोलले, तेव्हा कळलं की दादा परत आल्यावरही मी त्याची वाट बघतच होते, सात वर्षांपूर्वीच्या दादाची. तुमचा राग, तुमची झोप, तुमची नोकरी यांनाही कोणीतरी ऐकणारं शोधा.

निळी फाईल सुरुवातीला माझ्याकडे असायची. वर्षभराने त्याने ती मागून घेतली. परवा मला तिच्यातला एक कागद बघायचा होता, कुठे ठेवली आहेस विचारलं. ‘तुला कशाला हवी?’ म्हणाला. संध्याकाळी त्याने त्या कागदाची झेरॉक्स आणून दिली, फाईल नाही.